चुन्याची पावलं

बसा निवांत. लातूरची गाडी घाटात अडकलीय म्हणतात, तासभर तरी येत न्हाय. चहा टाकायला सांगितलाय. कृष्णराज, तो मोबाईल आधी उलटा ठेव. गोष्ट ऐकायची तर माणसासारखी ऐक, न्हायतर बाहेर जाऊन डास मारत बस. आणि हे बघा, पोरांनो, स्टेशनाचं नाव मी घेणार न्हाय. इथनं लांब न्हाय एवढंच सांगतो. तुमच्यातल्या दोघांनी तिथनं गाडी धरलेली हाय, हे बी मला ठाऊक हाय.

शौनक म्हणून एक पोरगा होता. तुळजापूरचा, मास्तराच्या घरातला. विद्यापीठात संशोधक म्हणून लागला होता. कशावर संशोधन? तर रेल्वे स्टेशनावरच्या गर्दीवर! मला आधी हसूच आलं. म्हटलं, लेका, गर्दीत काय शिकायचंय? दुपारी बाराला माझ्या खानावळीत येऊन उभा राहा, सगळं कळतंय. पण पोरगं हुशार. जेवता जेवता भाकरीचे तुकडे ताटात मांडायचा आणि मला दाखवायचा. हा जिना, हा पूल, ही माणसं इथं तुंबतात, ही इथनं फुटतात. बोलणं गोड, पण खोड एकच. कुणी काही विचारलं की सरळ उत्तर म्हणून द्यायचा न्हाय, चेष्टेवारी न्यायचा. मांडी घालून जेवायला बसायचा तेव्हा त्याचा डावा पाय दिसायचा मला. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. "चढाओढीत जन्मलो काका," म्हणायचा. नोकरी मात्र करारावरची होती. दरसाल जीव टांगणीला. कायम होणं, एवढं एकच त्याच्या डोक्यात.

आता आपल्या येडाईची यात्रा तुम्हाला सांगायला नको, पण हा बार्शीचा पाव्हणा नवा हाय म्हणून सांगतो. चैत्री पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पालखी आमराईला निघते. वाटेत चुन्याचं रान लागतं. लोक तिथं चुनखडीचे खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात. लाखांनी माणूस. त्या दिवशी हात पांढरे, पदर पांढरे, पाय पांढरे. पांढरं दिसलं की हात जोडायचे, असा तो दिवस असतोय. आणि संध्याकाळी त्यातली निम्मी माणसं स्टेशनाकडं पळतात.

तर परवाच्या साली याच दिवशी त्या स्टेशनावर चेंगराचेंगरी झाली. पुलाच्या जिन्यात. तीन बाया गेल्या. त्यातली एक धुरपदाबाई, ढोकीकडच्या वस्तीवरची. चौकशी झाली, आणि त्या दिवशी तिथं हजर असलेला गर्दीचा जाणकार म्हणून शौनकचाच अहवाल धरला. त्यात काय? तर एक वृद्ध महिला चढत्या जिन्यात अचानक खाली वाकली, त्यामुळं मागची गर्दी तिच्यावर कोसळली. संपलं. म्हातारीनं स्वतः मरून आणखी दोघींना मारलं, असाच त्याचा अर्थ झाला की न्हाय?

गावानं तोच घेतला. बाकीच्या दोघी तिच्याच वस्तीवरच्या. धुरपदाबाईच्या तेराव्याला कुणी फिरकलं न्हाय. सून पाण्याला गेली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. नातीची जमलेली सोयरीक मोडली. वाचलेले काही जण म्हणत होते, जिन्यात देवीची पावलं उमटली होती, म्हातारी पाया पडायला वाकली. पण जिना बघितला तर स्वच्छ! लोकांनी त्यांनाच वेड्यात काढलं.

तिचा पोरगा महारुद्र. एक दिवस भर दुपारी माझ्या खानावळीत आला. शौनक त्या कोपऱ्यात जेवत होता. महारुद्र हात जोडून उभा राहिला.

"साहेब, तुमी व्हता तिथं. लोक पावलं व्हती म्हणत्यात. व्हती का न्हवती, एवढं एक खरं सांगा. माझी आई उगं वाकणारी न्हवती."

शौनकनं घास मोडला. "कसली पावलं? मी तर नाही पाहिली बुवा."

"लेकराबाळांची शपथ घालू का साहेब?"

"मला लेकरं नाहीत," असं म्हणून शौनक हसला.

महारुद्रानं जोडलेले हात सोडले. मग म्हणाला, "बरं. मी इचारतोय तवर न्हाय म्हणा. आई इचारंल तवा काय म्हणाल?" आणि गेला. मला त्या दिवशी शौनकचा राग आला. काय होतं, कसं होतं ते मला तेव्हा ठाऊक न्हवतं. पण दारात आलेल्या माणसाच्या दुःखावर असं हसू नये.

वर्ष गेलं. गेल्या साली यात्रा आली ती रविवारी. चुना वेचायचा दिवस, एप्रिलची तेरा तारीख. अहवालावरनं रेल्वेनं तेवढ्या रात्रीपुरता गाड्यांचा थांबाच काढला होता आणि यात्रेकरूंना बसगाड्या दिल्या होत्या. जिथं पाय ठेवायला जागा नसायची, तिथं चिटपाखरू न्हवतं. शौनक लई खुशीत होता. त्यानं पुलावर माणसं मोजणारा कॅमेरा बसवला होता. यात्रेच्या रात्री जिना रिकामा, हेच त्याला मोठ्या लोकांना दाखवायचं होतं. सोमवारी मुलाखत. कायम होणार, जवळजवळ ठरलेलंच. राहिलं होतं एवढंच, की तो कॅमेरा काढून आणायचा.

रात्री अकराच्या सुमाराला जेवण करून तो माझ्याच दारातनं मोटारसायकलवर गेला. "काका, सकाळी पेढे," म्हणाला. त्याच्या हाताखाली वैदेही नावाची पोरगी चारच महिन्यांपूर्वी लागली होती. ती माझ्या खानावळीच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. कॅमेऱ्यातलं चित्र तिच्या कॉम्प्युटरवर दिसायचं. तिनं वरनं बघत राहायचं, त्यानं फोनवर सांगितलं की बंद करायचं, मग तो कॅमेरा उतरवणार. तेव्हा पुढचं जे सांगतोय ते काही तिनं ऐकलेलं, काही तिनं पाहिलेलं, आणि शेवटचं म्या स्वतः पाहिलेलं. मधलं थोडं जोडतोय, पण खोटं जोडत न्हाय.

शौनक स्टेशनात शिरला. लांब टोकाला मास्तरच्या खोलीत दिवा. इकडं पुलाखाली एकच नळीचा दिवा, तो बी फडफडणारा. चांदणं लख्ख. त्यानं कानात फोनची ती बारकी यंत्रं घातली आणि जिना चढून मधल्या सपाट जागेवर गेला. कॅमेरा तिथंच वर होता.

"दिसतोय का मी?"

"दिसताय सर," वैदेही म्हणाली. त्या कॅमेऱ्याची तऱ्हा अशी, की माणसाच्या डोक्याभोवती हिरवा चौकोन काढायचा आणि कोपऱ्यात आकडा दाखवायचा. चौकोन एक. आकडा एक.

त्यानं खिशातनं पकड काढली. तारेचा पहिला फास सोडवला.

"सर, खाली कुणी आलंय का?"

"का?"

"दुसरा चौकोन आलाय. खालच्या पायरीवर."

शौनकनं वाकून बघितलं. कुणी न्हाय. "कुत्रं असेल."

"कुत्र्याला धरत नाही ना ते..."

"मग बिघडलं असेल. उद्याच बिघडू दे म्हणावं, आज नको." तो हसला. पुन्हा पकड लावली.

"सर, आता पाच-सहा झालेत."

"वैदेही, झोप आलीय तुला."

"आणि पायरीवर काहीतरी पांढरं आहे. मघाशी नव्हतं."

आता त्यानं नीट बघितलं. खालच्या पायरीवर पावलाचा ठसा होता. चुन्याचा. ओला. दिव्यात चमकत होता. तो बघतोय तोवर वरच्या पायरीवर दुसरा उमटला.

तुम्ही असता तर पळाला असता. पण ह्याला वाटलं, चेष्टा हाय. "ए महारुद्र!" त्यानं हाक मारली. "बाहेर ये रे! असल्या पावलांना मी घाबरत नसतो!" हाक पत्र्यावर आपटून परत आली.

"कोण महारुद्र सर? आणि पावलांचं काय?"

आणि तिथं पहिल्यांदा त्यानं ते सांगितलं. हसत हसत सांगितलं, बघा. म्हणाला, "अगं, गेल्या वर्षी एक जिना चढायला आणि एक उतरायला ठेवायचा होता. म्हातारी माणसं पाट्या वाचत नाहीत, पण पावलं काढली तर त्यांच्यामागं जातील, अशी माझी कल्पना. पावलं छापायचा साचा आलाच नाही वेळेवर. मग मीच बूट काढले, चुन्याच्या बादलीत पाय घातले आणि चढलो जिना. झकास पावलं उठली! तर एक म्हातारी खालच्या पायरीशी अडून बसली. बाळा, ही पावलं कुणाची, म्हणे. मागं गर्दी तुंबायला लागलेली. मी म्हटलं, देवीची, मावशी! चला लवकर!"

तो पुढं बोलतच राहिला.

"मला काय माहीत ती पावलावर पाय द्यायला तयार होणार नाही? वाकली की तिथंच. डोकं टेकवायला..."

"मग... मग पावलं गेली कुठं सर? चौकशीत नव्हती ती."

"धुतली. त्याच रात्री. मीच."

पोरांनो, मला तो पोरगा आवडायचा. पण हे ऐकलं तेव्हा मेल्या माणसाचा बी राग येतो, हे मला कळलं. आपल्या पायाचे ठसे, आपल्या तोंडचं खोटं, आणि दोष कुणावर? तर तिच्यावर, जिनं विश्वास ठेवला. मेल्यावर बी म्हातारीला गावानं शिव्या घातल्या, आणि हा इथं माझी भाकरी मोडत होता.

वर वैदेहीच्या पडद्यावर चौकोन वाढत होते. खालच्या पायऱ्या भरल्या. मग वरच्या. आकडा थांबेचना.

"सर, खाली या. राहू द्या तो कॅमेरा. आत्ता या."

"येतोय." आवाजातलं हसू गेलं होतं. "कसला वास येतोय गं... ओल्या चुन्याचा. आणि घामाचा."

"सर, या ना."

"सरका जरा..."

"कुणाला म्हणताय?"

फोनमधनं कापड कापडाला घासल्याचा आवाज.

"सर?"

"कुणीतरी कोपर लावलं मला."

वैदेहीला पडद्यावर तो एकटाच दिसत होता. रिकाम्या जिन्यात उभा. पण उभा कसा? दोन्ही हात छातीशी आवळलेले. खांदे आत घेतलेले. भरल्या डब्यात माणूस उभा राहतो तसा. एक पायरी उतरायला गेला. उतरता आलं न्हाय. मागं सरकला. मागं बी जागा न्हाय.

"वैदेही... माझे बूट कुठं गेले?"

तिनं बघितलं. बूट जिन्याच्या अगदी खाली होते. देवळाबाहेर काढावेत तसे, शेजारी शेजारी.

तेवढ्यात ती फोन आणि तो कॉम्प्युटर उराशी धरून खाली पळत आली. मी गल्ला बंद करत होतो. "शंकरप्पाकाका! बघा... बघा हे..." तिनं फोन तिथंच टेबलावर ठेवला. आवाज मोठा केला.

म्या पडदा बघितला. सगळा जिना हिरव्या चौकोनांनी भरलेला. एकावर एक. मुंगीला जागा न्हाय. आणि माणूस एकच. मधोमध. शौनक.

फोनमधनं श्वास ऐकू येत होता. तोकडा. वरच्या वर घेतलेला. मग...

मग एक बाई बोलली.

लांबनं न्हाय. त्याच्या अगदी कानाजवळनं. आवाजात राग बी न्हवता. रस्ता विचारावा तसं विचारलं.

"बाळा... ही पावलं कुणाची रं?"

वैदेहीनं माझा दंड धरला. तिची नखं रुतली होती, ते दुसऱ्या दिवशी दिसलं मला.

शौनकनं तोंड उघडलं. "मा..."

पुढं काही न्हाय.

"बाळा, ही पावलं कुणाची?"

"मा... मा..."

त्याला सांगायचं होतं, पोरांनो! मी बघत होतो ना. डोळे फाटले होते त्याचे. माझी, एवढं म्हणायचं होतं. पण म्हणायला दम लागतो. दम घ्यायला छाती फुगावी लागते. आणि छाती फुगायला जागाच ठेवली न्हवती त्यांनी. वर्षभर त्याच्याकडं दम होता, तेव्हा तो हसत होता.

मी फोनवर ओरडलो, "बाई, सोड त्याला! आम्ही ऐकलंय! आम्ही सांगू!"

जिना गप्प झाला. मला वाटलं, ऐकलं तिनं.

"कुणाची?"

त्याचे ओठ हलले. आवाज न्हाय... पुन्हा हलले... मग हलायचे थांबले.

आणि एका झटक्यात सगळे चौकोन गेले. आकडा शून्य झाला.

शून्य. आणि शौनक तर चित्रात उभाच होता.

आम्ही जीप काढली. पोचलो तेव्हा मास्तर दिवा लावून कागद चाळत बसला होता, त्याला कशाचा पत्ता न्हाय. जिन्यात शौनक तसाच उभा. कठड्याला टेकलेला बी न्हाय. म्या खांद्याला हात लावला, तेव्हा पडला. दवाखान्यात डॉक्टरनं मला दोनदा विचारलं, "कुठल्या गर्दीत सापडला हा?" बरगड्या चारी बाजूंनी आत गेल्या होत्या. म्या म्हटलं, स्टेशनात कुणीच न्हवतं.

लोक म्हणाले, महारुद्रानं काटा काढला. पण त्या दिवशी तिथीनं म्हातारीचं वर्षश्राद्ध होतं. जेवायला गावातलं एक माणूस गेलं न्हवतं. तरी महारुद्र पानं वाढून मध्यरात्रीपर्यंत ओसरीवर वाट बघत बसला होता, आणि ते सगळ्या गावानं बघितलं होतं, लाज न वाटता.

वैदेही चांगली पोरगी. नोकरीवर पाणी सोडलं, पण चौकशीत सगळं सांगितलं. फोनवर शौनक काय बोलला, चुना, बादली, धुणं, सगळं. म्या बी जाऊन सांगितलं. अहवाल बदलला. ज्या दिवशी ते गावात कळलं, त्या दिवशी त्या दोन मेलेल्या बायांच्या घरची माणसं महारुद्राच्या दारात आली. त्यानं त्यांना घोंगडं अंथरून दिलं. सुनेनं मात्र पाणी दिलं न्हाय कुणाला. मी तिला दोष देत न्हाय.

काय म्हणालास कृष्णराज? कॅमेरा बिघडला असंल? असंल बाबा. फोनमधली बाई बी बिघडली असंल. मग पुढचं ऐक.

त्या रात्री आम्ही जिन्यात गेलो तेव्हा पायऱ्यांवर पावलं होती. खालनं वर जाणारी, पांढरी. शौनक जिथं उभा होता तिथवर. रेल्वेनं ती दुसऱ्याच दिवशी धुतली. मग तेजाब टाकलं. मग वरनं करडा रंग दिला. दोन-तीन दिवसांत रंगावर पुन्हा पांढरी! शेवटी कंटाळले आणि सोडून दिलं.

औंदा यात्रेला थांबा परत दिला. मी मुद्दाम गेलो होतो बघायला. ढोकीकडच्या बायांचा मोठा घोळका आला. जिन्याशी येऊन सगळ्या थबकल्या. पुढं धुरपदाबाईची सून. तिनं खाली वाकून पावलं बघितली, पण पाया पडायला न्हाय वाकली. सावकाश बघितली, बाजार करताना भाजी निरखावी तशी. मग चप्पल न काढता पहिल्या पावलावर टाच आपटली. दुसऱ्यावर आपटली. मागच्या बायांनी बी तेच केलं. पार वरपर्यंत. पाठोपाठ सगळी यात्रा त्याच्यावरनं गेली, गाडी येईपर्यंत.

गाडी सुटली. गर्दी गेली. मी एकटाच राहिलो. चैत्रातलं ऊन दिवसभर त्या जिन्यावर पडलेलं, पायऱ्या अजून तापलेल्या होत्या. म्या वाकलो. इतक्या टाचांनी रगडून एक पाऊल बी फिसकटलं न्हवतं. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, स्पष्ट. म्या बोट लावून बघितलं.

चुना ओला होता.